पत्रिका उघडली, आता फोनचं काय करू?

नमस्कार,
मी कऱ्हाड तालुक्यातल्या एका गावात राहते. आमच्या बायकांचा बचत गट आहे, त्याची मी सचिव. गटाचे हप्ते बऱ्याच जणी माझ्या फोनवर यूपीआयने पाठवतात आणि मी ते गटाच्या खात्यात भरते. मागच्या आठवड्यात चुलतदिरांच्या नंबरवरून व्हॉट्सअ‍ॅपला लग्नपत्रिका आली. त्यांच्या मुलीचं बघणं चालूच होतं, म्हणून जमलं वाटतं असं समजून मी ती उघडली. फोनने काहीतरी विचारलं, मी ‘इन्स्टॉल’, ‘अलाऊ’ दाबत गेले. पत्रिका काही दिसली नाही, स्क्रीन कोरीच राहिली. दुसऱ्या दिवशी तीच पत्रिका माझ्या नंबरवरून गटातल्या सगळ्यांना गेली. मी पाठवली नव्हती. दोघींनी उघडली आणि त्यातल्या एकीच्या खात्यातून साडेनऊ हजार रुपये गेले. तिने घरी सांगितलेलं नाही, मलाही शपथ घातली आहे. माझं काही गेलेलं नाही, पण फोन गरम होतो, बॅटरी उतरते. पुण्याचा मुलगा म्हणाला, ‘तुला स्मार्टफोन दिला हीच चूक झाली.’ मोबाईलवाला म्हणतो पाचशे द्या, सॉफ्टवेअर मारून देतो. भाचा म्हणतो चांगला अँटिव्हायरस विकत घे. कोणाचं ऐकू? आणि पुन्हा असं होऊ नये म्हणून काय करू?
– गटाची सचिव

नमस्कार ताई,

तुम्ही विचारलंय ते फोनबद्दल, पण सगळ्यात घाईचं काम तुमच्या मैत्रिणीच्या साडेनऊ हजारांचं आहे. म्हणून आधी तिचं बोलू. ती शपथ मोडा. आजच तिच्या घरी जा, तिच्या शेजारी बसा आणि १९३० हा नंबर लावा. केंद्रीय गृह मंत्रालयाची ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन आहे, देशभर एकच नंबर, दिवसरात्र चालू. तिचं पासबुक जवळ ठेवा. कोणत्या तारखेला, किती वाजता, किती रुपये गेले, आणि त्या व्यवहाराचा १२ आकडी नंबर काय, एवढं ते विचारतील. तो नंबर यूपीआय अ‍ॅपमध्ये त्या व्यवहारावर बोट ठेवलं की दिसतो, नाहीतर बँकेत विचारला तर मिळतो.

१९३० ला फोन केल्याने काय होतं तेही सांगते, म्हणजे घाई कशासाठी ते कळेल. चोरलेले पैसे चोराच्या स्वतःच्या खात्यात जात नाहीत. कोणाकोणाची भाड्याने घेतलेली खाती असतात, त्यांतून ते एकातून दुसऱ्यात फिरवले जातात आणि शेवटी एटीएममधून काढले जातात. १९३० वर तक्रार नोंदली की ती तिच्या बँकेकडे आणि पैसे जिथे पोचले त्या पुढच्या बँकांकडे जाते, आणि रक्कम अजून खात्यात पडून असेल तर तिथेच गोठवता येते. पहिल्या काही तासांत हे जमण्याची शक्यता सर्वात जास्त. तुमच्याकडे आठवडा उलटलाय, त्यामुळे पैसे परत येतीलच असं मी सांगणार नाही. तरीही तक्रार करायचीच, कारण तक्रारीचा क्रमांक असल्याशिवाय पुढचं काहीच हलत नाही. फोन लागला नाही तर सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या सरकारी संकेतस्थळावर तीच तक्रार लिहून देता येते. ग्रामपंचायतीतल्या केंद्रचालकाला सांगितलं तर तोही भरून देईल.

त्यानंतर तिच्या बँकेच्या शाखेत लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या, शिक्क्यासकट. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ ला याबद्दल परिपत्रक काढलं आहे. ग्राहकाचा दोष नसताना खात्यातून पैसे गेले आणि त्याने ३ कामाच्या दिवसांत बँकेला कळवलं, तर नुकसान बँकेने सोसायचं. ७ कामाच्या दिवसांपर्यंत कळवलं तर ग्राहकावरचा बोजा ठरावीक मर्यादेतच राहतो. ग्राहकाच्याच निष्काळजीपणाने गेले असतील तर कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं, कळवल्यानंतर जाईल ते बँकेचं. म्हणजे रोज गप्प बसणं तिला महाग पडतंय. त्याच परिपत्रकात आणखी एक गोष्ट आहे जी फार थोड्यांना माहीत असते. दोष ग्राहकाचा होता हे सिद्ध करण्याची जबाबदारी बँकेवर आहे. म्हणून अर्जात ‘माझी चूक झाली, माफ करा’ असं काही लिहू नका. आपल्याकडच्या बायका अर्जाची सुरुवातच माफीने करतात. जे घडलं तेवढंच लिहा: अमुक दिवशी अशी फाइल आली, अमुक वेळी माझ्या परवानगीशिवाय एवढी रक्कम गेली. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते, त्याला पैसे पडत नाहीत. माहितीसाठी त्यांचा नंबर १४४४८ आहे.

तक्रार नोंदून होईपर्यंत तिचा फोन पुसू नका, कोणाला पुसू देऊ नका. तो विमान मोडवर टाकून बंद करून ठेवा. पत्रिकेचा मेसेज आणि बँकेचे एसएमएस यांचे फोटो दुसऱ्या फोनने काढून ठेवा. पोलिसांना लागतील.

आणि तक्रार केल्यावर एक धोका उभा राहतो. ‘सायबर सेलमधून बोलतोय, तुमचे पैसे सापडलेत, सोडवायला थोडी फी भरा,’ असा फोन येऊ शकतो. फसलेल्या माणसाला पुन्हा फसवणारी ही वेगळीच टोळी असते. खऱ्या तक्रारीला फी नसते. तसंच बँकेचा नंबर गूगलवर शोधू नका. तिथे चोरांनी स्वतःचे नंबर बँकेच्या नावाने टाकून ठेवलेले असतात, आणि तो माणूस ‘मदतीसाठी’ एनीडेस्कसारखं स्क्रीन दाखवणारं अ‍ॅप टाकायला सांगतो. रिझर्व्ह बँकेने २०१९ मध्येच याबद्दल बँकांना सावध केलं होतं. कार्डाच्या मागे किंवा पासबुकावर छापलेला नंबर, तेवढाच खरा धरा.

आता तुमचा फोन.

तुम्ही पत्रिका उघडली असं म्हणता, पण ती पत्रिका नव्हतीच. पत्रिका असती तर ती फोटो किंवा पीडीएफ असती, आणि ती उघडताना फोन कधीही ‘इन्स्टॉल’ विचारत नाही. तुम्हाला आलेल्या फाइलच्या नावाच्या शेवटी बहुतेक ‘एपीके’ ही तीन इंग्रजी अक्षरं असणार. एपीके म्हणजे अँड्रॉइडचं अख्खं अ‍ॅप, प्ले स्टोअरच्या बाहेरून थेट हातात दिलेलं. तेच तुमच्या फोनमध्ये बसलं. गेली दोन-तीन वर्षं भारतात लग्नपत्रिकेच्या, आरटीओच्या चलनाच्या, पीएम किसानच्या नावाने हीच तऱ्हा चालू आहे. नाव बदलतं, आतला माल एकच.

चुलतदिरांनी हे मुद्दाम केलं असं मनात आणू नका. त्यांच्याही फोनमध्ये असंच काहीतरी शिरलं असणार आणि त्याने त्यांच्या नकळत सगळ्यांना फाइल पाठवली, जशी तुमच्या नावाने गटात गेली. चोराला यात हवं असतं ते हेच. अनोळखी नंबरची पत्रिका कोणी उघडत नाही, भावकीतली सगळे उघडतात. ज्यांच्या घरी बघणं चालू आहे त्यांच्या नंबरवरून पत्रिका आली तर कोणीही उघडली असती, ताई.

ते अ‍ॅप आत बसून काय करतं? चिन्ह लपवतं, म्हणून तुम्हाला स्क्रीनवर काही दिसत नाही. तुम्ही ‘अलाऊ’ म्हटलं तेव्हा त्याने बहुतेक एसएमएस वाचायची परवानगी घेतली. आता बँकेचा ओटीपी तुमच्या फोनवर आला की तो त्याच क्षणी चोराकडेही पोचू शकतो. काही अ‍ॅप याच्याही पुढे जाऊन ‘अ‍ॅक्सेसिबिलिटी’ नावाची परवानगी मागतात. ही सोय मुळात डोळ्यांनी न दिसणाऱ्या माणसांसाठी आहे, त्यात अ‍ॅपला स्क्रीनवरचं सगळं वाचता येतं आणि तुमच्या वतीने बटणं दाबता येतात. अंध माणसाला जी आधाराची गोष्ट, ती चोराच्या हाती गेली की तो तुमच्या डोळ्यांदेखत यूपीआय अ‍ॅप चालवू शकतो. तुमचे पैसे अजून गेले नाहीत याचा अर्थ फोन साफ आहे असा होत नाही. खात्यात मोठी रक्कम जमण्याची वाट बघणारेही असतात, आणि तुमच्या खात्यात तर दर महिन्याला गटाचे हप्ते येतात.

म्हणून हे उत्तर वाचून होताच फोन विमान मोडवर टाका, वायफायही बंद करा. सिमकार्ड काढून घरातल्या साध्या बटणाच्या फोनमध्ये घाला. त्या फोनमध्ये चोराचं अ‍ॅप नाही, त्यामुळे ओटीपी आले तरी ते तुमच्यापुरतेच राहतात. मग त्या साध्या फोनवरून बँकेला सांगा: यूपीआय, नेट बँकिंग, मोबाईल बँकिंग आणि डेबिट कार्ड तात्पुरतं बंद करा. पैसे गेले नसतानाही बँक हे करून देते, बिनदिक्कत मागा. तोवर जुन्या फोनवर पिन टाकून ‘पैसे आहेत ना’ असं तपासत बसू नका, अगदी एकदाही नाही. तुमच्या जीमेलचा पासवर्ड मुलाच्या फोनवरून किंवा दुसऱ्या स्वच्छ फोनवरून बदला, आणि बदलताना ‘सगळ्या डिव्हाइसवरून बाहेर पडा’ हा पर्याय घ्या. साध्या फोनवरून ##००२# डायल करा. कोणी तुमचे कॉल दुसऱ्या नंबरवर वळवले असतील तर ते त्याने रद्द होतात. बँक ओटीपी कधी कधी फोन करूनही सांगते, म्हणून हे लक्षात ठेवायचं.

मग फोन पुसायचा. सेटिंगमध्ये सगळ्यात खाली ‘रीसेट’ असतं, त्यात ‘इरेज ऑल डेटा’ किंवा ‘फॅक्टरी रीसेट’. याला मोबाईलवाल्याचे पाचशे लागत नाहीत, आणि त्याच्याकडे फोन उघडा करून, पॅटर्न सांगून सोडून येणं मला अजिबात पसंत नाही. या जातीचं अ‍ॅप फॅक्टरी रीसेटने जातं, त्यासाठी सॉफ्टवेअर मारायची गरज नसते. अ‍ॅप शोधून तेवढंच काढून टाकायची युक्ती तुम्हाला कोणी सांगेल: फोन सेफ मोडमध्ये चालू करा, म्हणजे बाहेरून घातलेली अ‍ॅप झोपून राहतात, मग अ‍ॅपच्या यादीत बिनचिन्हाचं किंवा ‘सिस्टम अपडेट’ अशा नावाचं सोंग शोधा आणि काढा. जमतं ते. पण एकाने दुसरंही आत ओढून ठेवलेलं असू शकतं, आणि तुमच्या फोनवर दुसऱ्यांचे पैसे येतात. पुसूनच टाका.

पुसण्याआधी पुराव्यासाठी त्या मेसेजचा फोटो दुसऱ्या फोनने काढा आणि गटाचे हिशोब फोनमध्ये लिहिले असतील तर वहीत उतरवून घ्या. फोटो आणि फोन नंबर गूगलच्या खात्यात जमा झालेत का ते दुसऱ्या फोनवर त्याच खात्यात शिरून बघा. झाले नसतील तर मुलगा घरी येईल तेव्हा केबल लावून कॉम्प्युटरवर फोटो उतरवून घ्या, तोवर फोन बंदच ठेवा. त्यासाठी इंटरनेट पुन्हा चालू करू नका. नव्याने चालू झाल्यावर अ‍ॅप फक्त प्ले स्टोअरमधून घ्या, जुन्या फोनमधून ‘शेअर’ केलेली नकोत. व्हॉट्सअ‍ॅप पुन्हा बसवलं की त्यात ‘लिंक्ड डिव्हाइसेस’ बघा आणि तुमच्या ओळखीचं नसलेलं प्रत्येक नाव काढून टाका. तिथेच ‘टू-स्टेप व्हेरिफिकेशन’ आहे, सहा आकडी पिन ठेवा, म्हणजे नुसता ओटीपी चोरून तुमचं व्हॉट्सअ‍ॅप कोणाला चालवता येणार नाही. जुन्या गप्पा परत आल्या आणि त्यात ती पत्रिका दिसली तर तिच्यावर बोट न ठेवता मेसेज डिलीट करा. एवढं झाल्यावर सिम परत घाला आणि बँकेच्या सेवा सुरू करून घ्या, यूपीआय पिन मात्र नवा.

गटात लेखी मेसेज टाकू नका, कारण तुमच्या नावाचा लेखी मेसेज आता कोणी खरा मानेल याची खात्री नाही. एकेकीला फोन करा. दुसरी जिने पत्रिका उघडली आणि जिचं अजून काही गेलेलं नाही, तिला आधी. तिची अवस्था नेमकी तुमच्यासारखीच आहे आणि तिलाही हे सगळं आजच करायचंय. चुलतदिरांनाही कळवा.

आता भाच्याच्या अँटिव्हायरसचं. पैसे खर्च करू नका असं माझं स्पष्ट मत आहे. अँड्रॉइडमध्ये प्ले प्रोटेक्ट आधीपासून असतं, फुकट असतं. प्ले स्टोअर उघडून वर उजवीकडे आपल्या नावाच्या गोलावर बोट ठेवा, तिथे दिसेल. ते चालू आहे ना ते बघा आणि ‘स्कॅन’ दाबा. चोराला त्याची अडचण होते, म्हणून अशी अ‍ॅप आत शिरताना ‘आधी प्ले प्रोटेक्ट बंद करा’ असं सांगतात. जे अ‍ॅप असं म्हणेल ते चोराचं. सरकारचंही एक साधन आहे. सायबर स्वच्छता केंद्र २०१७ मध्ये सुरू झालं, त्याच्या संकेतस्थळावर सी-डॅक या सरकारी संस्थेने बनवलेलं एम-कवच २ हे अ‍ॅप फुकट मिळतं. तरीही विकतच घ्यायचं असेल तर नावाजलेल्या कंपनीचं, प्ले स्टोअरवरूनच घ्या. पुण्याची क्विक हील तर तुमच्याच जिल्ह्यातल्या रहिमतपूरच्या काटकर बंधूंनी उभी केलेली कंपनी आहे, आणि त्याचा मला अभिमान वाटतो. पण कोणतंही अँटिव्हायरस तुम्ही स्वतः ‘अलाऊ’ म्हटलेल्या गोष्टीपुढे दुबळंच पडतं. आणि इंटरनेटवर काही वाचताना ‘तुमच्या फोनमध्ये १३ व्हायरस सापडले, लगेच साफ करा’ अशी लाल पाटी आली तर ती जाहिरात असते. वेबसाइटला तुमच्या फोनच्या आतलं तपासता येत नाही. ती खिडकी बंद करा, तिच्यावरच्या कोणत्याही बटणाला हात लावू नका.

पुन्हा असं होऊ नये म्हणून काय करायचं, तर मी तुम्हाला एकच बटण दाखवते, कारण बाकी सगळ्यापेक्षा ते मोलाचं आहे. २०१७ मध्ये आलेल्या अँड्रॉइड ८ पासून बाहेरचं अ‍ॅप बसवायची परवानगी एकेका अ‍ॅपला वेगळी द्यावी लागते. म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपमधून एपीके बसायला आधी व्हॉट्सअ‍ॅपला ती परवानगी मिळावी लागते. त्या दिवशी तुमच्याकडून ती दिली गेली. पुसल्यावर ती आपोआप बंद होते, पण गटातल्या इतर जणींच्या फोनवर चालू असू शकते. सेटिंग उघडा, ‘अ‍ॅप्स’मध्ये जा, तिथे ‘स्पेशल अ‍ॅप अ‍ॅक्सेस’ आणि त्यात ‘इन्स्टॉल अननोन अ‍ॅप्स’. फोन मराठीत असेल तर ‘अज्ञात अ‍ॅप्स इंस्टॉल करा’ असं दिसेल. प्रत्येक कंपनीच्या फोनमध्ये जागा थोडी इकडेतिकडे असते, सापडलं नाही तर सेटिंगच्या वरच्या शोधपट्टीत ‘अननोन’ हा शब्द इंग्रजीत टाइप करा. जी यादी येते त्यात व्हॉट्सअ‍ॅप, क्रोम, टेलिग्राम, फाइल मॅनेजर, सगळ्यांसमोर ‘नॉट अलाऊड’ असलं पाहिजे. एकही चालू नको. हे बंद असलं की पुढच्या वेळी चुकून फाइल दाबली तरी फोन आधी दारातच थांबतो आणि तुम्हाला सेटिंगमध्ये जाऊन परवानगी द्यायला सांगतो. तो थांबला की तुम्हीही थांबा. लग्नाचं आमंत्रण, वीजबिल, लाडकी बहीणचं केवायसी, पीक विमा, यातल्या कशालाही ही परवानगी कधीच लागत नाही. कधीच म्हणजे कधीच. गाडीचं चलन खरंच आलंय का ते परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर गाडीचा नंबर टाकून बघता येतं. सरकारी संकेतस्थळाच्या पत्त्याच्या शेवटी ‘जीओव्ही डॉट इन’ असतं आणि बँकांसाठी रिझर्व्ह बँकेने ‘बँक डॉट इन’ असा वेगळा पत्ता ठरवून दिलाय.

प्ले स्टोअरमधलं प्रत्येक अ‍ॅपही सोज्वळ असतं असं नाही, तिथूनही वाईट अ‍ॅप काढून टाकावी लागली आहेत. टॉर्चच्या अ‍ॅपने एसएमएस वाचायला मागितले तर ‘डोन्ट अलाऊ’ म्हणा, आणि तरी ते चालत नसेल तर काढून टाका. मला खरी काळजी वाटते ती झटपट कर्ज देणाऱ्या अ‍ॅपची, कारण गटातल्या एखादीला गटाचं कर्ज मिळायला उशीर झाला की ती तिकडे वळते. ही अ‍ॅप फोनमधले सगळे नंबर आणि फोटो उचलतात आणि मग वसुलीसाठी नातेवाइकांना फोन लावतात, फोटो विद्रूप करून पाठवायची धमकी देतात. रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे कर्ज देणाऱ्या अ‍ॅपला ग्राहकाचे संपर्क, फोटो-फाइल, कॉलची यादी यांना हात लावता येत नाही. जे मागतं ते नियम मोडतंय, मग त्याचं व्याज कितीही कमी असो. तुम्ही सचिव आहात, हे बैठकीत मोकळेपणाने बोला.

फोन जुना असेल तर आणखी एक गोष्ट बघा. सेटिंगमध्ये ‘सिक्युरिटी अपडेट’ची तारीख असते. ती वर्ष-दोन वर्षं मागे अडकून पडली असेल आणि नवं अपडेट येतच नसेल, तर त्या फोनवर भजनं ऐका, फोटो काढा, पण बँकेचं काम करू नका. बँक घरातल्या सगळ्यात नव्या फोनवर. एसटी स्टँडवर चार्जिंग लावलं तर व्हायरस येतो का, असंही बऱ्याच जणी विचारतात. त्याची भीती गरजेपेक्षा जास्त पसरली आहे. केबल लावल्यावर फोनने काही विचारलं तर ‘फक्त चार्जिंग’ निवडा, पुरे.

गटाच्या पैशांसाठी मात्र व्यवस्था बदला. तुमच्या घरखर्चाचं खातं आणि हप्ते गोळा करायचं खातं एकच असणं बरं नाही. दुसरं साधं बचत खातं उघडा, यूपीआय फक्त त्याला जोडा, आणि हप्ते जमले की त्याच दिवशी गटाच्या खात्यात भरून टाका. गटाच्या खात्यातून पैसे काढायला दोघींच्या सह्या लागतात ना, ते तसंच राहू द्या, सोयीसाठी कोणी काही बदलायला सांगितलं तरी. बँकेच्या अ‍ॅपमध्ये रोजची मर्यादा कमी करून ठेवता येते, तीही तुमच्या गरजेपुरतीच ठेवा.

तुमच्या मुलाबद्दल लिहिल्याशिवाय मला हे उत्तर संपवता येणार नाही. पुढचं त्याला वाचून दाखवा. बाळा, तुझी आई दहा-बारा घरांचा पैसा सांभाळते आणि तिला काही विचित्र दिसलं तेव्हा तिने ते लपवलं नाही, तुला सांगितलं. तिच्या मैत्रिणीने सांगितलं नाही, आठवडा गेला आणि पैसे परत मिळायची संधी त्या गप्प बसण्यात हातची गेली. ती गप्प का बसली? घरी काय ऐकावं लागेल ते तिला माहीत होतं म्हणून. तुझं ते वाक्य आईच्या मनात राहिलं, तर पुढच्या वेळी तीही तुला सांगणार नाही, आणि तेव्हा गटाचा पैसा जाईल. चोरांचा धंदा अशा गप्प बसण्यावरच चालतो. शनिवारी गावी जा, आईच्या शेजारी बसून फोन पुसून दे, पण बटणं तिला दाबू दे. प्रत्येक परवानगी काय मागते ते तिला वाचू दे.

आणि ताई, मैत्रिणीच्या घरी कोणाची भीती आहे हे तुम्ही लिहिलं नाहीत, पण मला अंदाज आहे. तिला एकटीला सांगायला लावू नका. अध्यक्षांना बरोबर घ्या, गटातल्या दोघी-तिघी जा आणि तिच्या घरच्यांना सांगा की ती फाइल सचिवांच्या नंबरवरून आली होती, म्हणून तिने विश्वास ठेवला. हे खरं आहे आणि ते तुम्हीच सांगितलं तर तिच्यावरचा अर्धा राग तिथेच विरेल. तक्रार केल्याची पोच त्यांच्या समोर ठेवा. पुढच्या बैठकीत प्रत्येकीचा फोन हातात घेऊन ते अननोन अ‍ॅप्सचं बटण तपासा आणि इतिवृत्तात तशी नोंद करा. तुमच्या सीआरपी ताईंना, म्हणजे गावातल्या गटांना मार्गदर्शन करणाऱ्या ताईंना, सांगितलं तर सगळ्या गटांच्या ग्रामसंघाच्या बैठकीतही हा विषय घेता येईल, बाकीच्या गटांनाही उपयोग होईल.

रीसेट करताना फोन तुमच्या गूगल खात्याचा पासवर्ड मागेल, तो आधी कागदावर लिहून ठेवा. मैत्रिणीच्या तक्रारीवर बँकेने काय उत्तर दिलं ते मला नक्की कळवा. उत्तर लेखी नसेल तर लेखी मागून घ्या, आणि लोकपालाकडे जायची वेळ आली तर अर्ज कसा लिहायचा ते मी तुम्हाला सविस्तर सांगेन.